बोटांची किंमत ठरली, मेंदूची राहिली

कामावर असताना अंगठा तुटला तर कामगाराची कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली, असे कायदा मानतो. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७; दुसरा डोळा शाबूत राहून एक डोळा गेला तर ४०, आणि हात खांद्यापासून गेला तर ९०. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातील हा तक्ता आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो जवळजवळ तसाच उतरला आहे. माणसाच्या अवयवांची अशी दरपत्रिका वाचताना अंगावर काटा येतो. तथापि तिच्यामागचा हेतू चांगला होता. गिरणीत, छापखान्यात, लेथवर बोट गमावणाऱ्याला मालकाच्या दयेवर न सोडता त्याच्या नुकसानीला निश्चित आकडा द्यावा, असा तो हेतू. पण हा तक्ता वरपासून खालपर्यंत कितीही वेळा वाचला तरी त्यात एक अवयव सापडत नाही. तो म्हणजे मेंदू.

तक्त्यात नसलेल्या इजेचे मोजमाप डॉक्टरने करावे, अशी सोय कायद्यात आहे हे खरे. परंतु कायद्याचे तक्ते केवळ न्यायालयातच वापरले जातात असे नव्हे. समाजाने कोणती हानी खरी मानावी आणि कोणती शंकास्पद, हेही ते नकळत शिकवीत असतात. तुटलेले बोट दाखविता येते. ज्याचे हातपाय शाबूत आहेत, जखम भरून वर केस आले आहेत, जो ओळखीच्या माणसाला पाहून हसतो आणि ‘बरे आहे’ म्हणतो, त्याची कमाईची शक्ती गेली आहे हे कोणाला दाखवावे आणि कसे?

अशी माणसे थोडी नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत महाराष्ट्रातील १५,२२४ होती. त्याच वर्षी देशात जखमी झालेल्यांची संख्या ४,४३,३६६ होती. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांचा त्या वर्षीचा आकडा ५०,०२९ आहे. (२०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध विद्येच्या माहेरघरात मोर्चा निघाला होता, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.) मृतांची मोजदाद होते, जखमींचीही होते, जखमींपैकी किती जण पुढे आपल्या कामावर परतले, याचा रकाना मात्र कोणत्याच अहवालात नसतो. आणि हे केवळ रस्त्यावरचे झाले. परांचीवरून पडणारे गवंडी, ऐन चाळिशीत पक्षाघाताचा झटका आलेले कारकून, मेंदुज्वरातून वाचलेले तरुण यांचा हिशेब निराळाच.

एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. हा प्रश्न वैद्यकाच्या अपयशातून नव्हे, यशातून उभा राहिला आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा रुग्णांपैकी पुष्कळजण रुग्णालयाबाहेर येतच नसत. १९७४ साली ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या शल्यविशारदांनी बेशुद्धीची खोली मोजण्याची साधी मोजपट्टी तयार केली; ती आज जिल्हा रुग्णालयातील परिचारिकाही वापरते. त्याच दशकात सी.टी. स्कॅन आला, कवटीतील रक्ताची गाठ वेळेत दिसू लागली, वेळेत काढता येऊ लागली. माणसे वाचू लागली. वाचलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, हा विचार मात्र रुग्णालयाच्या फाटकाशी थांबला.

फाटकाबाहेर काय घडते? डोक्याला जोराचा हिसका बसला म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडांवर घासतो. आतले सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात. याच भागांकडे योजना करणे, लक्ष टिकविणे, नवे लक्षात ठेवणे, रागाला आवर घालणे ही कामे असतात. म्हणून असा माणूस चालू शकतो, बोलू शकतो, पाढे म्हणू शकतो, जुन्या आठवणी तपशिलाने सांगू शकतो. पण सकाळी साहेबांनी सांगितलेली तीन कामे दुपारपर्यंत त्याच्या लक्षात राहत नाहीत. एक टिपणी लिहीत असता दूरध्वनी वाजला की टिपणीचा धागा तुटतो, तो पुन्हा हाती लागत नाही. कोणी सांगितले तर काम करतो, आपण होऊन सुरू करीत नाही. याला भोवतालचे लोक आळस म्हणतात. दोन तासांच्या कामानंतर त्याला जो थकवा येतो तो विश्रांतीने सहज जाणारा नसतो. याला ढोंग म्हणतात. क्षुल्लक कारणावरून तो चिडतो आणि थोड्या वेळाने आपण चिडलो होतो हेही विसरतो. याला माज म्हणतात किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे कुजबुजतात. सर्वांत अवघड भाग हा की आपल्यात काही उणे झाले आहे याची जाणीवच पुष्कळांना नसते. जाणीव हीदेखील मेंदूचेच काम आहे.

साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. विषयाचे ज्ञान त्याच्यापाशी जसेच्या तसे असते. भूमितीचे प्रमेय तो आजही बिनचूक सिद्ध करील. परंतु फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरील गडबड ऐकणे, एकाच्या प्रश्नाचे उत्तर देताना दुसऱ्याची वही पाहणे, तास संपायला किती अवकाश आहे याचे भान ठेवणे, ही जी एकाच वेळी चालणारी पाच-सहा अवधाने वर्गात लागतात, ती त्याला झेपत नाहीत. पाच मुलांना एका टेबलाभोवती घेऊन शिकविण्याचे काम दिले तर तोच शिक्षक कदाचित उत्तम शिकवील. पण तसे काम देण्याची पद्धत शाळेत नाही.

पद्धत आहे ती प्रमाणपत्राची. ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ असे डॉक्टरने लिहून दिले की कर्मचारी सोमवारी साडेदहा वाजता हजर होतो आणि त्याच दिवसापासून त्याच्याकडून पूर्वीइतक्याच कामाची अपेक्षा सुरू होते. पहिल्या आठवड्यात सहानुभूती असते, चहा असतो, चौकशी असते. दुसऱ्या महिन्यात आवक-जावक नोंदवहीत चुका सापडू लागतात, तिसऱ्या महिन्यात सहकाऱ्यांशी खटके उडतात, मग मेमो, मग बिनपगारी रजा, आणि अखेरीस एक तर खातेनिहाय चौकशी नाही तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. ‘योग्य’ म्हटलेला माणूस सहा महिन्यांत ‘अयोग्य’ ठरतो. वस्तुतः तो पहिल्या दिवशी पूर्ण योग्य नव्हता आणि शेवटच्या दिवशी पूर्ण अयोग्यही नव्हता. पाय मोडलेल्या कामगाराला गिरण्यांत आणि रेल्वेत ‘लाइट ड्यूटी’ मिळत असे. वजन उचलायचे नाही एवढे सर्वांना समजत होते. मेंदूच्या बाबतीत ‘लाइट ड्यूटी’ म्हणजे काय, हे कोणी ठरविलेलेच नाही.

हे ठरविणे अशक्य नाही, याचा एक दाखला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. १८४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. मेंदूविषयीच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याची कथा असते आणि ती बहुधा एकाच ठिकाणी थांबते: शांत, कर्तबगार माणूस शिवराळ आणि लहरी झाला, मालकांनी त्याला मुकादमाच्या जागी परत घेण्याचे नाकारले. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. १८५२ साली गेज दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि व्हालपारायसो ते सांतियागो या मार्गावरची घोडागाडी हाकण्याचे काम त्याने काही वर्षे केले. एका वेळी अनेक घोड्यांचे लगाम सांभाळायचे, उतारूंशी बोलायचे, परक्या देशातील अवघड रस्ता लक्षात ठेवायचा, असे ते काम. गेजच्या चरित्राचा अनेक वर्षे शोध घेणारे माल्कम मॅकमिलन यांनी असे मांडले आहे की या कामाचा ठराविक क्रम हाच त्याला सावरणारा ठरला: पहाटे ठरल्या वेळी उठणे, घोडे जुंपणे, तोच मार्ग, तेच थांबे. मुकादमीत दहा माणसांची मने सांभाळावी लागत. येथे प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीने दाखवून दिलेली होती. १८६० साली, छत्तीस वर्षांचा असताना, अपस्माराच्या झटक्यांनी तो मरण पावला. एका रुग्णावरून सिद्धान्त बांधू नये हे खरे, परंतु ज्याला त्याच्या मालकांनी निरुपयोगी ठरविले होते तो दुसऱ्या प्रकारच्या कामात उपयोगी ठरला, ही वस्तुस्थिती आहे.

जेव्हा जेव्हा राष्ट्रांना माणसांची निकड भासली, तेव्हा तेव्हा हा विचार पुढे गेला आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे कुर्ट गोल्डस्टाइन आणि कलोन येथे वाल्टर पोपेलरॉयटर यांनी मेंदूत गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या कामाच्या क्षमतेची पारख सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या भागातील रुग्णालयात हेच केले. युद्धात जखमी झालेल्याला राष्ट्र काही देणे लागते, असे मानले जाते. परांचीवरून पडलेल्या गवंड्याबाबत तसे मानले जात नाही.

पुढील काळातील एक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. मेंदूला इजा झालेल्या माणसाला एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लावणे जड जाते. रुग्णालयाच्या खोलीत स्मरणशक्तीचे कितीही व्यायाम करून घेतले तरी ते कचेरीतील टेबलावर उपयोगी पडतीलच असे नाही. म्हणून ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ हा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील रिचमंड येथे पॉल वेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलटा केला: माणसाला प्रत्यक्ष कामावर ठेवायचे आणि एक प्रशिक्षक त्याच्याबरोबर त्याच जागी उभा करायचा. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी समोर लावायची, मुकादमाला आणि शेजारच्या सहकाऱ्याला चार गोष्टी समजावून द्यायच्या, आणि जसजसे जमू लागेल तसतसे प्रशिक्षकाने मागे सरायचे. यात यंत्र नाही, औषध नाही. एक वही, एक गजराचे घड्याळ, दारापासून दूरचे टेबल, एका वेळी एकच काम, दर तासाला दहा मिनिटे विश्रांती आणि तोंडी हुकमाऐवजी लेखी हुकूम, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. यातील शेवटची गोष्ट तर धडधाकट कर्मचाऱ्यांनाही हवीशी वाटेल.

सगळेच परततात असे मात्र कोणी समजू नये. २००९ साली डच संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात मेंदूला इजा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक एक-दोन वर्षांत कामावर परतल्याचे आढळले. काहींना मूळचे काम देता येत नाही आणि देऊही नये. ज्याला फिट येते त्याच्या हाती एस.टी.चे चाक देणे हे त्याच्यावरही उपकार नव्हेत आणि प्रवाशांवर तर नव्हेतच. काहींना कोणतेच काम झेपणार नाही. त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने निमूटपणे घेतली पाहिजे. परंतु ज्यांना थोडे जमेल त्यांना काहीच जमत नाही असे ठरवून घरी बसविणे, हा त्यांच्यावर अन्याय तर आहेच, शिवाय समाजाचा निव्वळ तोटा आहे.

आपल्या कायद्याने याबाबत काहीच केलेले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील ४७ व्या कलमाने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा त्याची पदावनती करण्यास मनाई केली. कुणालसिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली या कलमाचा अर्थ उदारपणे लावला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात हेच संरक्षण २० व्या कलमात आले. मूळ पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे, असे हे कलम सांगते. हे संरक्षण सरकारी कचेऱ्यांपुरते नाही. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही कायद्याच्या व्याख्येत येतात. अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील किती शिक्षकांना आणि लिपिकांना हे ठाऊक आहे? स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ते ठाऊक असणे बरे.

परंतु या कलमाने पगार राखला, काम राखले नाही. अधिसंख्य पद म्हणजे व्यवहारात कोपऱ्यातील एक खुर्ची. तिच्यावर बसलेल्याला कोणी काही सांगत नाही, कोणी काही विचारीत नाही. हजेरीपटावर सही करावी आणि साडेपाचची वाट पाहावी. ज्या मेंदूला क्रम आणि सराव यांची सर्वांत अधिक गरज आहे, त्याला पगारी रिकामपण देणे हा उपचाराच्या अगदी उलटा प्रकार होय. शिवाय खासगी कारखाने आणि दुकाने या कलमाबाहेर आहेत. आणि कायद्याच्या अनुसूचीत जी एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नावानिशी दिली आहेत, त्यांत कंपवात आहे, पण मेंदूची इजा नावानिशी नाही. अर्धे अंग लुळे पडले असेल तर टक्के मिळतात; स्मरण आणि अवधान लुळे पडले असेल तर ते कोणत्या रकान्यात बसवावे याची शोधाशोध करावी लागते.

एका बाबतीत न्यायालये प्रशासनाच्या पुढे गेली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की गैरवर्तनाच्या अनेक कारणांपैकी मानसिक दिव्यांगत्व हे एक जरी असले तरी त्या वर्तनाबद्दल केलेली शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरतो. ते प्रकरण मनोविकाराचे होते, मेंदूच्या इजेचे नव्हते. पण अपघातानंतर एकाएकी चिडखोर झालेल्या लिपिकाला मेमो देणाऱ्या अधीक्षकांनी ते एकवार वाचावे.

खरी मेख अर्थकारणात आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा लावलेल्या माणसाला आपण काम करू शकत नाही हे सिद्ध करावे लागते. दावा वर्षानुवर्षे चालतो. या काळात त्याने भीत भीत चार तास काम करून पाहिले, तर तोच त्याच्याविरुद्ध पुरावा होण्याची धास्ती. म्हणजे मेंदूची सुधारणा ज्या काळात सर्वांत वेगाने होते, ती पहिली एक-दोन वर्षे, तो घरी बसून काढतो आणि त्याचे हित पाहणारे त्याला तसाच सल्ला देतात. यात वकिलाचा दोष नाही, कुटुंबाचा नाही. सगळे किंवा काहीच नाही, या तत्त्वावर उभारलेली व्यवस्थाच तसा सल्ला देते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराची हानी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले: डावा हात गेला तर सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. मेंदूच्या इजेत हे उदाहरण उलटे होते. हमालाला कदाचित काम करता येईल, कारकुनाला येणार नाही. लेखणीवर जगणाऱ्या वर्गाने या प्रश्नाकडे परक्याचा म्हणून पाहू नये, ते याचसाठी.

विम्याच्या बाबतीतही तेच. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारी कामगाराला सुमारे ७० टक्के वेतनाइतका आजारपणाचा लाभ मिळवून दिला. पण त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने अट घातली की ज्या दिवशी कामगार काम करील त्या दिवशी हा लाभ मिळणार नाही. अट वाजवी दिसते. तिचा परिणाम पाहावा. रोज ५०० रुपये मिळविणारा कामगार घरी बसला तर त्याला ३५० रुपये मिळणार. तो अर्धा दिवस कामावर गेला आणि मालकाने अर्ध्या दिवसाचे २५० दिले, तर ३५० बंद. काम केल्याबद्दल १०० रुपये दंड! त्याऐवजी मालकाने २५० द्यावे आणि विमा निधीने वर १५० घालावे, असे ठरले तर कामगाराच्या हाती ४०० पडतील, निधीचा खर्च ३५० वरून १५० वर येईल आणि मालक केवळ झालेल्या कामाचेच पैसे देईल. तिघांपैकी कोणाचेच नुकसान नाही. सुरुवातीस अर्ध्या दिवसात अर्धे काम होणार नाही, ही मालकाची तक्रार रास्त मानून निधीने पहिले तीन महिने आणखी काही भार उचलला तरी हिशेब फायद्याचाच राहतो.

ही कल्पना स्वप्नातील नाही. जर्मनीत ‘हाम्बुर्ग पद्धत’ या नावाने ती रूढ आहे: आजारी कामगार दिवसाला दोन तासांपासून सुरुवात करतो, डॉक्टर आणि मालक मिळून तास वाढवीत नेतात, आणि पूर्ण वेळ येईपर्यंत तो विम्याच्या लेखी आजारीच असतो. सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिलेल्याला परत आणण्याची योजना देऊ करणे तेथील मालकांवर २००४ पासून बंधनकारक आहे. न्यूझीलंडने १ एप्रिल १९७४ पासून चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवून अपघातग्रस्ताला बुडालेल्या कमाईच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली. दावा जिंकण्यासाठी अपंग दिसण्याची गरजच तेथे उरली नाही. हे देश श्रीमंत आहेत, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु वाया जाणारे श्रम हे गरीब देशाला अधिक महाग पडतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगावे लागू नये.

असंघटित क्षेत्राचे काय, हा प्रश्न याहून कठीण आहे. रिक्षाचालकाला, बिगाऱ्याला, शेतमजुराला रजा नाही, विमा नाही, मालकही रोज बदलणारा. त्याच्या अपघातानंतर त्याची बायको धुणीभांडी धरते, मुलाची शाळा सुटते, आणि एक माणूस घरी त्याच्यावर लक्ष ठेवायला गुंतून पडतो. एका मेंदूच्या इजेने दोन माणसांची मजुरी बुडते. आणि इजा त्या बायकोलाच झाली, तर ती ‘कामावर’ कधी परतणार असे कोणी विचारीतही नाही. चुलीपाशी क्रम विसरणाऱ्या बाईला शिकविणारा प्रशिक्षक अजून कोणत्याच योजनेत नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून महाराष्ट्राने ग्रामीण माणसाचा कामाचा हक्क कायद्यात लिहिला, ही अभिमानाची गोष्ट होती. तो हक्क अंगमेहनतीच्या कामाचा होता. अंग आहे, मेहनतही आहे, पण पुढची पायरी दाखविणारा कोणी लागतो, अशा माणसाचा त्यात विचार नव्हता. जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचाराच्या तज्ज्ञाची जागा असावी, ती भरलेली असावी, आणि त्या तज्ज्ञाला रुग्णालयाबाहेर, कामाच्या जागी जाण्याची मुभा असावी, एवढी मागणी तरी येथे करता येईल. १९६८ साली केंद्राच्या कामगार मंत्रालयाने मुंबईत अपंगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्र सुरू केले होते. गडचिरोलीच्या मजुराने मुंबईला यावे, ही अपेक्षा तेव्हाही व्यवहार्य नव्हती.

राज्य शासनाला मात्र स्वतःच्या घरापासून आरंभ करण्यास कोणाची परवानगी नको. शासकीय आणि अनुदानित संस्थांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्या जोडीला तिसरी ओळ छापावी: रोज किती तास, कोणते काम, कोणते काम नको, आणि फेरतपासणी कोणत्या तारखेस. तासांवर माणूस नेमणे शासनाला अपरिचित नाही. धडधाकट, उच्चशिक्षित प्राध्यापकांना ‘घड्याळी तासिका’ तत्त्वावर राबवून घेण्याची कला महाविद्यालयांनी चांगलीच आत्मसात केली आहे; ज्याला खरोखर तासांवर काम हवे आहे त्यालाच ते मिळत नाही.

यावर वित्त विभागाची पहिली हरकत बहुधा अशी येईल की अर्धा दिवस काम करणाऱ्याला पूर्ण पगार द्यायचा तर उरलेला अर्धा दिवस कोणत्या खाती टाकावा? रजेच्या नियमांत त्याचे उत्तर तयार आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या खाती दर वर्षी अर्धवेतनी रजेचे २० दिवस जमा होतात. अर्ध्या वेतनावर एक पूर्ण दिवस घरी राहणे आणि पूर्ण वेतनावर अर्धा दिवस घरी राहणे, यांत तिजोरीला सारखाच खर्च येतो. वीस वर्षे सेवा झालेल्या आणि ही रजा न वापरलेल्या लिपिकाच्या खाती असे ४०० दिवस असतात. रोज अर्धा दिवस या हिशेबाने ते कामाच्या सव्वा वर्षाहून अधिक काळ पुरतात.